साडूची बाटली

माझ्या साडूत खोट काढायची म्हटलं तर मला बसून विचार करावा लागतो, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. माणूस हसतमुख. गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, माझ्या मेहुणीला फुलासारखं जपतो, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. चार वर्षांपूर्वी तो सासऱ्यांच्या गॅरेजात आला, तेव्हा मी तिथे बारा वर्षं हात काळे केले होते. लग्नाच्या वेळी नवरदेवाची गाडीसुद्धा मीच घासूनपुसून दिली होती. तेव्हा माझं मन मोठं होतं. पुढे ते कुठे गेलं, मलाही ठाऊक नाही.

आमचं गॅरेज चालतं ते सासऱ्यांच्या कानावर. गाडी आली की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. मिनिटभराने सांगत, काय बिघडलंय आणि कुठे. त्यांनी ऐकल्याशिवाय कुणी पाना उचलायचा नाही, हा नियम. त्यांना चुकलेलं मी कधी पाहिलेलं नाही. पण गेल्या दीड वर्षात त्यांचे दोन्ही कान गेले. कानात मशीन घातलं तर छताचा पंखाही त्यांना ट्रकसारखा ऐकू येतो, म्हणून ते मशीन डबीत पडून असतं आणि आम्ही त्यांना सगळं पाटीवर लिहून दाखवतो. आता त्यांच्या जागी दोघा जावयांपैकी एकाने ऐकायचं होतं. जो ऐकेल तो सांगेल, आणि जो सांगेल त्याचं गॅरेज चालेल. सोळा वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून बसलो होतो.

आणि हा बाटलीबहाद्दर मध्ये आला.

त्याची बाटली म्हणजे इंजिनाच्या तेलात ओतायचं औषध. इंजिनात टॅपेट नावाच्या छोट्या वाट्या असतात. त्या तेलाने भरलेल्या असतात आणि व्हॉल्व्ह वरखाली करायच्या कामी येतात. त्यांच्यात तेलाचा चिकटा बसला किंवा तेल नीट पोहोचलं नाही, की टकटक सुरू होते. साडू बाटली ओततो, चारआठ दिवसांत चिकटा सुटतो, टकटक थांबते आणि गिऱ्हाईक त्याच्या पाया पडायचं बाकी राहतं. मी शंभर वेळा सांगितलं, की टॅपेट झिजली असेल तर बाटली काहीही करणार नाही, घट्ट औषध आवाज चार दिवस दाबेल एवढंच. उलट जुन्या इंजिनातला गाळ सुटून तेलाच्या जाळीत अडकला तर बसा बोंबलत. सगळे माना डोलावत आणि त्याच्याच टेबलाकडे जात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका सोमवारी गाण्याच्या बाई आल्या. शाळेत गाणं शिकवायच्या, आता घरी शिकवतात. गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या, "ही ठोके चुकवतेय हो. सकाळी चालू केली की टकटकटक, आणि तेही लयीत नाही. माझं डोकं उठतं."

सासऱ्यांनी सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला, मग माझ्या हातात दिला. साडूकडे पाहिलंसुद्धा नाही. काय सांगू, छाती भरून आली. मी टोक टेकवलं, डोळे मिटले. टकटक अगदी स्वच्छ होती. कानाने एवढंच सांगितलं, की टॅपेट वाजतेय. का वाजतेय, ते सांगितलं नाही. पण समोर साडू हात पुसत उभा होता, त्याच्या खिशातून बाटलीचं टोपण डोकावत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झिजलीय. इंजिन उघडावं लागेल."

बाईंचा चेहरा पडला. "उघडायचंच का?"

साडू हळूच म्हणाला, "दादा, आधी बाटली टाकून बघूया का? आठच दिवस. नाहीच थांबलं तर उघडूच की."

सासऱ्यांना ऐकू गेलं नव्हतं. साडूने पाटीवर लिहून दाखवलं. म्हाताऱ्याने दोन्ही जावयांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात (त्यांचे सगळेच आवाज आता तसे असतात) सांगितलं, "बाटली टाका. पुढल्या सोमवारी बाई सांगतील, थांबलं की नाही. थांबलं तर यापुढे धाकटे जावईबापू ऐकतील. नाही थांबलं तर थोरले. मला आता हा निकाल लावून टाकायचाय."

म्हणजे माझी सोळा वर्षं त्या बाटलीत जाऊन बसली.

दुपारी साडूने बाटलीचं सील फोडलं आणि तेवढ्यात मेहुणीचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. बाटली बॉनेटच्या कडेवर उभी. गॅरेजात मी एकटा. मी फार विचार केला असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. बाटलीतलं औषध जळक्या तेलाच्या पिंपात ओतलं, माझ्या टेबलावरच्या डब्यातलं साधं नवं तेल तिच्यात भरलं आणि ती होती तशी ठेवली. रंग जवळजवळ तोच. आता बघतो, म्हटलं, तुझी बाटली कशी चालते ते. मी मनातून खूश होतो. ते नाकारत नाही.

साडू परत आला, बाटली इंजिनाच्या तोंडाशी नेऊन जरा थबकला आणि त्याने ती ओतली. मी पाठ फिरवून प्लग साफ करत बसलो.

आठवडाभर मी घरी इतका चांगला वागलो की आमच्या हिला संशय आला. "अहो, काय झालंय? दोन दिवस स्वतःहून भांडी घासताय." मी म्हटलं, माणूस सुधारू शकत नाही का? ती म्हणाली, माणूस सुधारतो, तुमचं काही सांगता येत नाही.

सोमवारी बाई आल्या. गाडी आत आली ती लोण्यातून सुरी जावी तशी. बाईंनी इंजिन चालूच ठेवलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून हसल्या. "ऐका! एक ठोका चुकत नाही. गुरुवारपासून बंद."

मी धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर लावला. शांत. टकटक नावाला नाही.

माझ्यावर काय आलं ते बघा. बाटलीने काहीही केलेलं नाही हे या जगात फक्त मला ठाऊक होतं. पुरावा माझ्या हातात होता, इतका पक्का पुरावा आयुष्यात कुणाला मिळाला नसेल, आणि तो दाखवायला तोंड उघडलं असतं तर आधी मीच उघडा पडलो असतो. टॅपेट झिजलेली नव्हती, म्हणजे मीही चुकलो होतो. आणि औषध इंजिनात गेलंच नव्हतं, म्हणजे तोही बरोबर नव्हता. तरी जिंकणार तो. दातओठ खात मी बाजूला झालो.

सासऱ्यांनी बाईंचा चेहरा पाहून काय ते ओळखलं. साडूच्या खांद्यावर हात ठेवला. "ठरलं तर मग. उद्यापासून धाकटे..."

"मामा, थांबा." साडूने पाटी घेतली आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता आमच्यासाठी मोठ्याने बोलत होता. "बाटली नव्हतीच. बाटलीत साधं तेल होतं."

आता हा मला सगळ्यांसमोर सोलणार. सोलूदे, म्हटलं. मी असतो तर मीही सोललं असतं.

"ओततानाच कळलं. औषधाला रॉकेलसारखा उग्र वास असतो, याला नव्हता. मला कळेना. दादांच्या टेबलावर तेलाचा डबा उघडा दिसला, तेव्हा मी तेल मोजायची काडी काढून बघितली." तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, देव जाणे. "तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, मामा! आम्ही दोघं ऐकत बसलो, बाटल्या काढत बसलो, आणि काडी कुणी काढलीच नाही. दादांच्या ते नंतर लक्षात आलं असणार. पण तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या बाटलीवर पैज लावली होती. माझा पोपट होऊ नये म्हणून त्यांनी गुपचूप बाटलीत तेल भरलं. मी खुणेपर्यंत वर भरलं आणि गप्प बसलो, कारण दादांनाही तेच हवं होतं. पण त्यावर त्यांची जागा घ्यायची, हे माझ्याने होणार नाही."

बाईंनी इंजिन बंद केलं.

तोंड उघडायची ती वेळ होती. नाही रे बाबा, मी तुझं वाटोळं करायला निघालो होतो, एवढंच म्हणायचं होतं. सासरे माझ्याकडे बघत होते. सोळा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तेल बघायला हवं होतं आधीच."

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज निघालं.

"कान सगळ्यांना असतो," सासरे म्हणाले. "मन असं लागतं. उद्यापासून थोरले जावईबापू ऐकतील." आणि साडूकडे वळून म्हणाले, की त्याने माझ्याकडून शिकावं.

घरी बातमी माझ्याआधी पोहोचली होती. आमची ही दारातच उभी. "धाकटीचा फोन आला होता. म्हणाली, आमचे हे आठ दिवस दादांचंच कौतुक करतायत, आणि मला कुणाला सांगूही देत नव्हते." तिने माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला. लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायची तशी बघत होती. "मी उगाच तुम्हाला बोलत असते हो."

दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवर उभा राहिलो. साडू माझ्याआधी येऊन बसला होता. माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं, शेजारी चहा झाकून ठेवला होता. मला पाहून उठला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"दादा, मला इतका आनंद झालाय ना," तो म्हणाला.

झाला होता. खोटं नव्हतं त्यात, मी बारकाईने पाहिलं. सोळा वर्षं जी जागा मला हवी होती ती मिळाली होती, आणि मला काहीच होत नव्हतं. आनंद झाला होता तो त्याला. माझ्या वाटणीचाही तोच घेऊन बसला होता, आणि मी जळत होतो.