शून्याच्या खालची खोली

काचेत कोंडलेला, लाकडी पट्टीला तारेने आवळलेला आणि वर थंड खोलीत डांबलेला असा मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. तुमच्या काखेत बसून ताप मोजणारा तो माझा लाडावलेला धाकटा भाऊ. त्याला निदान माणसाची ऊब मिळते. माझ्या नशिबी मासे आणि मटार.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. तिथल्या कारागिराने फुंकर मारून माझी नळी ओढली, खाली इवलासा फुगा ठेवला, त्यात लाल रंगाचं स्पिरिट भरलं आणि वरचं तोंड ज्योतीवर वितळवून कायमचं बंद केलं. "झालं! आता हा जन्मभर आतच," असं म्हणून त्याने मला पुढच्या टेबलावर सरकवलं. तो चेष्टेत बोलला असेल, पण मला ते लागलं. अजूनही आठवलं की लागतं.

पुढच्या टेबलावर रेघा आखणारी बाई बसायची. तिने मला वितळत्या बर्फात उभं केलं. माझा लाल धागा सुर्रकन खाली आला आणि एका जागी थांबला. तिथे तिने शून्य लिहिलं. मग शून्याच्या वर एक, दोन, तीन आणि शून्याच्या खाली उणे एक, उणे दोन, उणे तीन अशा रेघा मारल्या. दोन रेघांच्या मध्ये अर्ध्याची बारीक रेघ. काम करताना ती स्वतःशीच बोलायची. "वर चढशील तसा मोठा, खाली उतरशील तसा लहान. आकडा केवढा दिसतो ते बघायचं नाही रे बाबा, तो कुठे उभा आहे ते बघायचं." ते वाक्य मी काळजात जपून ठेवलं. जपायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

तिथून मी या थंड खोलीत आलो. मासे आणि मटार गोठवून विकणाऱ्या एका कुटुंबाची ही खोली. घरातला थोरला भाऊ गाडी घेऊन माल पोचवायला जातो. त्याची बायको खोली सांभाळते आणि धाकटा दीर दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलतो. सगळे तिला वहिनी आणि त्याला भावजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

सुरुवातीला माझा काय थाट होता! वहिनी आत आल्या की आधी माझ्याकडे यायच्या, कोटाच्या बाहीने माझी काच पुसायच्या आणि म्हणायच्या, "उणे अठरा. शहाणा आहेस." एवढ्या शब्दांवर माझा अख्खा दिवस निघायचा. मग दाराबाहेर भिंतीवर बटणांची पेटी आली. तिच्यावर हिरवे आकडे झळकायला लागले आणि बटण दाबून थंडी कमीजास्त करता यायला लागली. त्या दिवसापासून मला कोणी विचारेनासं झालं. माझ्यावर बर्फाचा थर चढला. "ते जुनं काढून टाका," असं भावजी दोनदा म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो, खात नाही ना काही."

तर मित्रांनो, हे भावजी म्हणजे बोलण्यात पटाईत. दगडालाही मटार विकतील. पण आकडा समोर आला की गडी गडबडला! एकदा एका खानावळवाल्याने मोठी पाकिटं मागितली. आमच्याकडे दोन तऱ्हेची पाकिटं होती, ०.५ किलोची आणि ०.२५ किलोची. भावजींनी बिनधास्त ०.२५ ची पाठवली. का, तर म्हणे पंचवीस पाचाहून मोठे!

खानावळवाला तणतणत आला. वहिनी हसून हसून पोट धरून बसल्या. "भावजी, अर्धा मोठा की पाव?"

"खायचा असेल तर अर्धा," भावजी म्हणाले.

"मग ०.५ म्हणजे अर्धा आणि ०.२५ म्हणजे पाव. टिंबानंतर किती आकडे आहेत ते मोजू नका, पहिल्या घरात कोण बसलाय ते बघा."

"असं होय!" म्हणून भावजी डोकं खाजवत निघून गेले. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी फिरून दाराशी येतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

एका दुपारी वहिनी मटाराचं एक खोकं घ्यायला आत आल्या. एका मिनिटाचं काम, म्हणून जाड कोट बाहेर खुंटीवरच राहिला आणि फोन टेबलावर. दार त्यांनी जरासं उघडं ठेवलं होतं. तेवढ्यात भावजी बाहेरून चालले होते. दार उघडं पाहून त्यांना वाटलं, गारवा वाया चाललाय. त्यांनी जाता जाता दाराला पायाने ढकललं. आत कोणी आहे का, अशी हाकसुद्धा मारली नाही. खट्ट आवाज झाला आणि दार लागलं.

वहिनी चिडल्या, पण घाबरल्या नाहीत. आतून दार उघडायला एक दांडा असतो. तो दाबला की खटका सुटतो. पण त्या दांड्यावर किती दिवसांचा बर्फ साचला होता, माझ्यावर साचला होता तसाच. वहिनींनी सगळा जोर लावला आणि दांडा मोडून त्यांच्या हातात आला. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. भावजी धावत आले. बाहेरची मूठही नुसतीच फिरायला लागली, कारण आतला खटका जाम झाला होता. दार जाडजूड, पण कडेच्या रबराला तोंड लावून ओरडलं की आवाज पलीकडे जात होता. दारात ताटलीएवढी गोल काच होती, तीही धुक्याने भरलेली.

"वहिनी! अहो, मीच लावलं दार! आता काय करू?" भावजींचा आवाज रडवेला झाला होता.

"बिजागऱ्यांचे नट खोला! दार बाहेरून निघेल!"

भावजींनी थंडी करणाऱ्या मशीनच्या मिस्त्रीला फोन लावला. तो लांब होता, निघतो म्हणाला. दुकानात नट फिरवायचा एकच पाना होता, त्यावर १/२ इंच लिहिलेलं. तो नटावर बसेना, जरासा लहान पडत होता. भावजी कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे पळाले आणि म्हणाले, "अर्ध्याहून मोठा पाना द्या. ३/८ द्या!" एक आणि दोन यांच्यापेक्षा तीन आणि आठ मोठे, असा त्यांचा हिशेब. गॅरेजवाल्याने मागितला तो पाना हातात ठेवला. भावजी धापा टाकत परत आले, तर हा पाना पहिल्याहूनही लहान! "वहिनी, अर्ध्याचा लहान पडला म्हणून ३/८ आणला, तर तोही लहान!" ते दाराशी ओरडले.

इकडे छतावरचा पंखा गारठलेला वारा थेट वहिनींच्या अंगावर सोडत होता. त्यांनी मटाराच्या खोक्यांमागे बसून पाहिलं, पण वारा तिथेही यायचा. ओठ निळे पडायला लागले. मी समोरच्या खिळ्यावर लटकून बघत होतो. दुसरं करणार काय? मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्या नळीत मी कोंडलेला आणि माझ्या खोलीत त्या.

वहिनी पुन्हा दाराशी आल्या. "भावजी, पेटीवरून ऊब वाढवा! मशीन थांबेल, पंखा थांबेल!"

"मेनच बंद करतो!"

"नको! दिवा जाईल! अंधारात नाही राहायचं मला!"

पुढे काय झालं ते भावजींनी नंतर इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय. पेटीवर −18 दिसत होतं. त्यांनी वरच्या बाणाचं बटण दाबलं, तर सतरा आलं. 'अरेच्चा, हे तर कमी होतंय!' म्हणून त्यांनी खालच्या बाणाचं बटण दाबलं. एकोणीस, वीस, एकवीस... वाढतंय! त्यांनी ते थेट पंचवीसवर नेलं आणि आनंदाने ओरडले, "वाढवलं वहिनी! अठराचं पंचवीस केलं! आता लागेल ऊब!"

मशीन मोठ्याने घुरघुरायला लागलं. पंखा जोरात. माझा लाल धागा अठराच्या रेघेवरून सुटला आणि खाली सरकायला लागला. साडेअठरा. एकोणीस. मित्रांनो, त्या वेळी मला माझीच घृणा वाटली. मला थांबायचं होतं. एकदाच, एकदाच खोटं बोलायचं होतं. पण जितकी थंडी तितकं खाली, याखेरीज मला काही येत नाही. वीस. वहिनींनी बाहीने माझ्यावरचा बर्फ खरवडला, वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भावजी, उलटं झालंय! थंडी वाढतेय!"

"असं कसं? तुम्ही घाबरलात म्हणून वाटतंय तसं. तुम्हीच सांगा, पंचवीस मोठे की अठरा?"

"मी इथे गोठतेय आणि तुम्ही मला पाढे शिकवताय?" वहिनी ओरडल्या, पण दात इतके वाजत होते की शब्द धड फुटेनात. समजावून सांगायला जबडा साथ देईना. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला हिसडा मारला. तार तुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खिळ्यावरून सुटलो.

त्यांनी दाराच्या गोल काचेवर तोंडाची वाफ सोडली, नखांनी बर्फ खरवडला आणि मला उभं धरून काचेला टेकवलं. पलीकडे भावजींचा घामेजलेला चेहरा. वहिनींनी बोट आधी माझ्या शून्यावर ठेवलं. वर, अगदी वर. मग बोट खाली उतरू लागलं. उणे पाच. उणे दहा. उणे अठरापाशी बोट थांबलं. आणि मग आणखी खाली, जिथे माझा धागा आता पोचला होता तिथे, उणे एकवीसवर. त्याच्याही खाली पंचवीसची रेघ रिकामी वाट बघत होती.

भावजींनी बाहेरून काचेवर बोट टेकवलं आणि तेही शून्यापासून खाली आले. तळघराच्या पायऱ्या उतरावं तसं, एकेक. पंचवीसवर त्यांचं बोट आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे देवा! मी वहिनींना खाली ढकलतोय!"

ते पेटीकडे धावले. या वेळी आकडा लहान होत गेला तरी त्यांनी बटण सोडलं नाही. अठरा, दहा, पाच. उणे पाच! घुरघुर बंद पडली. पंखा फिरत फिरत थांबला. खोलीत इतकी शांतता पसरली की वहिनींचा श्वास ऐकू यायला लागला.

पण खोली काही लगेच तापत नाही आणि दार तर बंदच होतं. वहिनी रबराच्या फटीला तोंड लावून तुटक तुटक बोलल्या, "अर्धा म्हणजे... आठातले चार. तीन आणलात. पाच आणा. पाच!"

"आठातले पाच! ५/८! समजलं, वहिनी, आता खरंच समजलं!" भावजी ओरडले आणि पळाले. परत आले ते पाना आणि गॅरेजवाला, दोघांना घेऊनच. पाना नटावर चपखल बसला. दोघांनी मिळून बिजागऱ्या सोडवल्या, दार कलतं झालं आणि उजेडाची एक तिरीप आत आली.

वहिनींना बाहेर नेलं तेव्हा त्यांची बोटं माझ्याभोवती आखडलेली होती. सुटेनात, म्हणून मीही बाहेर गेलो. अंगणात उन्हात खुर्ची ठेवली. वहिनींच्या अंगावर घोंगडी आणि त्यांच्या मुठीत मी. भावजी त्यांच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडत होते. माझा धागा वर चढायला लागला. उणे दहा. उणे दोन. शून्य! आणि शून्य ओलांडून वर, वर, त्या बाईने आखलेल्या ज्या रेघांना मी या घरात कधी शिवलोही नव्हतो, त्या रेघांवर. वहिनींच्या गालांवर रंग येत होता. आम्ही दोघं बरोबरच वर आलो, मित्रांनो. माझ्या आयुष्यातली तेवढीच एक दुपार मी उन्हात काढली.

दुसऱ्या दिवशी नवा खटका बसला, आतला दांडा नवा झाला. आणि मला परत आत आणलं. मी दुसरीकडे कुठे जाणार? माझी जागा तेवढी बदलली. आता मी दाराच्या गोल काचेजवळ आहे. भावजी रोज स्वतःच्या बाहीने मला पुसतात आणि दांड्यावरचा बर्फही. त्यांच्यापुरता आकड्यांचा घोळ मिटला. काही अडलं की ते माझ्यापुढे उभे राहतात आणि बोटाने वर-खाली करतात.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. आकडा नुसता मोठा दिसला म्हणून फसू नका, तो शून्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते बघा. ज्या वस्तूंकडे कोणी बघत नाही, त्यांच्यावरचा बर्फ वेळच्या वेळी काढा. आणि कुठलंही दार लावण्याआधी आत एक हाक मारा.

भावजी ती रोज मारतात. वहिनी त्यांच्या शेजारी उभ्या असल्या तरी मारतात. दाराशी थांबून, मान आत घालून मोठ्याने विचारतात, "आत कोणी आहे का?"

मी असतो. पण मला 'ओ' देता येत नाही. मग दार लागतं, पंखा सुरू होतो आणि मी उणे अठरावर येऊन थांबतो.