पिराजीची म्हणे म्हैस!

मी एक जुनी म्हैस आहे. जुनी म्हणजे सहा वेतांची. म्हातारी म्हणालात तर शिंग दाखवीन. मित्रांनो, माणसांबद्दल मला फारसा आदर नाही. का, ते सांगते.

कसबा बावड्यात पिराजीच्या गोठ्यात माझा जन्म झाला. सारी गल्ली मला पिराजीची म्हैस म्हणते. या पिराजीने आजवर माझ्या शेणाला बोट लावलेले नाही. वैरण घालणे, मला धुणे, धार काढणे आणि मोपेडला किटल्या अडकवून घरोघर दूध घालणे, हे सगळे त्याची बायको शालूबाई करते. पिराजी कट्ट्यावर बसून मिशीला पीळ देतो आणि सांगतो, "म्हशीला जीव लावाय लागतोय, पावणं!" ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. याच्या हाती तर माझे शेपूटही नव्हते.

एकदा धार काढताना शालूबाई माझ्या पोटाला डोके टेकून म्हणाली, "पन्नाशी आली बघ राणी. उद्या मी मेले तरी ह्यास्नी च्या मिळाला न्हाय तवाच कळंल." मला फार वाईट वाटले. त्या दिवशी मी तिला शेवटच्या थेंबापर्यंत दूध दिले. म्हैस दुसरे काय देणार?

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालकाने गाडीवरून हाळी द्यायची आणि म्हशीने गर्दीतून त्याच्यामागे धावायचे. यंदा शालूबाई भीत भीत म्हणाली, "औंदा हाळी मी देऊ का?"

पिराजी हसला. "तुला कोण वळखतंय तिथं?"

ती रंगाचा डबा घेऊन आली. माझी शिंगे तिनेच रंगवली, मोरपीसही तिनेच बांधले. पिराजीने काय केले? फेटा बांधला. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फडफडवत तो ओरडला, "राणीऽऽ!" मी रवंथ करत उभी राहिले. तो पुन्हा ओरडला. लोक फिदीफिदी हसू लागले, तसा या शूराने काठी उचलली.

"काठी खाली टाका!"

शालूबाई गर्दीतून मोपेड काढत होती. मोपेडवर बाई बघून काही शहाणे खिदळले. तिने मागे वळूनही पाहिले नाही. "ये गं माझे बाय," एवढेच म्हणाली आणि निघाली. मी या वयात अशी धावले की मोबाइल धरून उभे असलेले वीर गटारात उतरले.

म्हशी पळवण्याचा कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचा माणूस हार घेऊन माईकवर म्हणाला, "पिराजीरावांच्या म्हशीला..." पिराजीने हारासाठी मान पुढे केलीच होती.

"थांबा," शालूबाई म्हणाली. "म्हस मी वाढवलीया. नाव माझं घ्या."

"काय नाव तुमचं, वहिनी?"

बारा वर्षे या माईकवाल्याच्या दारात ती दूध घालते आहे! मग तिने माईकच हातात घेतला. "शालूबाई! आता म्हणा मोठ्यानं."

त्याने म्हटले. सगळ्या बावड्याने ऐकले. ती माझ्या पाठीवर हात ठेवून ताठ उभी होती.

मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, मोठमोठी पुस्तके वाचता. पण जिच्या हातचे खाता, तिला ओळखायला म्हशीएवढी अक्कल पुरते. तेवढी तरी ठेवा.