विष्णुपंतांनी हात मागं घेतला

तुळजापुरात विष्णुपंतांना कुणी चूक दाखवली नसेल असं नाही, पण त्यांनी ती कधी ऐकून घेतली नव्हती. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस! त्याला कोण सांगणार?

त्यांची सून देवश्री घरून मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची. लॅपटॉपची बॅटरी कामातून गेलेली, त्यामुळं चार्जर सतत लावलेला. "बाबा, चार्जर लावला की याच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. वायरमनला बोलवू या का?" असं ती उन्हाळ्यापासून सांगत होती.

विष्णुपंतांनी तपासलं, नाही असं नाही. अंघोळ करून आपल्या लाकडी पाटावर मांडी घालून बसले आणि लॅपटॉपवर तळहात ठेवला. काही नाही. पुन्हा ठेवला. तरी काही नाही. अहो, लाकडावर बसलेल्या माणसाला कुठला करंट लागायला! मास्तरांना एवढं सुचू नये म्हणजे कमालच. पण अंघोळीनंतर पूजा होईतो जमिनीला टेकायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलेलं, की आपल्या खाली पाट आहे हेच त्यांच्या ध्यानात नसायचं.

"माझ्या घराच्या वायरिंगला नावं ठेवायची नाहीत," त्यांनी ठणकावलं. मग गल्लीत ज्याला त्याला हसून सांगत सुटले, "आमच्या सूनबाईंना कामाचा कंटाळा आला की करंट लागतो." तेवढ्यानं भागलं नाही. परंड्याला व्याह्यांना फोन केला. मुलगी बहाणे करते, झेपत नसेल तर दसऱ्यानंतर क्लास बंद करू म्हणाले. देवश्रीचा सगळा जीव त्या क्लासमध्ये. ती भांडली, वडिलांना फोन करून रडली, शेवटी गप्प झाली.

खंडेनवमीला तिचे वडील, शिवप्रसादराव, तिची समजूत घालायला आले. सकाळी पूजा मांडली. विळी, पाना, पकड आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप. पूजा झाली की लगेच क्लास, म्हणून तो चार्जर लावून चालूच ठेवलेला. एवढं सगळं मांडायला विष्णुपंतांचाच पाट घेतला होता, म्हणून ते नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बसले.

ओल्या बोटानं लॅपटॉपला गंध लावलं मात्र, बोटापासून कोपरापर्यंत सर्रकन मुंग्या गेल्या. हात झटकन मागं आला.

"काय झालं बाबा?" देवश्रीनं विचारलं.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. नुसतं 'लागला' म्हणायचं होतं. पण व्याह्यांसमोर, सुनेसमोर जीभच रेटेना.

"कुठं काय? गंध ओघळलं," ते म्हणाले.

शिवप्रसादराव मुलीकडं वळले. "बघितलंस? तुझ्यादेखत हात लावला त्यांनी. आता तरी हट्ट सोड गं." मग हात जोडून म्हणाले, "विष्णुपंत, पोरीनं घरात उगाच वाद घातला. तिच्या वतीनं मी माफी मागतो." आणि तो पांढऱ्या केसांचा माणूस खरोखर त्यांच्या पायांशी वाकला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं विष्णुपंतांना. "अहो, उठा! मला पाप लावू नका," ते कसेबसे म्हणाले. "लागला. आत्ता लागला मला करंट. मी खोटं बोललो. पोरगी पहिल्यापासून खरं सांगत होती. वायरमनला आजच बोलावतो, क्लास बंद व्हायचे नाहीत."

देवश्रीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "तुमचा हात मागं गेलेला मी पाहिला होता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारलं."

शिवप्रसादराव अजून खालीच बसून होते. "तू फोनवर एवढी रडलीस," ते लेकीला म्हणाले, "आणि मी बाप असून यांचं खरं धरलं."

देवश्री त्यांच्याजवळ जाऊन बसली. विष्णुपंतांना दोघांची माफी मागायची होती, पण बापलेकीजवळ जायला त्यांचा पाय उचलेना.