थोरल्यांचं नाव

विद्यापीठाच्या सभेत अभ्यासक्रमातले बदल कसे मंजूर होतात, हे तुर्सुनायला तोंडपाठ होतं. अध्यक्ष ठराव वाचणार, "कुणाची हरकत?" म्हणत चष्मा खिशात ठेवणार आणि सगळे माना डोलावून चहाकडे वळणार. माना डोलावण्याचाच पगार मिळत असावा!

आज गदा आली होती ती तिच्याच हिमस्खलनाच्या अभ्यासक्रमावर. राजधानी बिश्केकहून आलेल्या नव्या आराखड्यात डोंगरावर जाऊन बर्फ खणायचे दिवस उडवले होते. त्याऐवजी वर्गात पडद्यावर चित्रं. तिचे विद्यार्थी शिकून घाटातल्या चौक्यांवर नोकरीला लागत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्यातल्याच एका मुलीनं फावडं मारून बर्फाचे थर पाहिले आणि रस्ता बंद करायला लावला. दुपारी बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा खाली एकही गाडी नव्हती. हे चित्रं बघून कळतं होय?

"माझी हरकत आहे," ती उभी राहिली.

अध्यक्ष हसले. ते तिच्या नवऱ्याचे थोरले काका. "सूनबाई, नियम माहीत आहे ना? अध्यक्षांना पूर्ण नावानं हाक मारायची, मग हरकत घ्यायची. नाहीतर नोंद नाही."

सभेत खसखस पिकली. किरगिझ सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव ओठांवर आणत नाही. लग्न झाल्यापासून तुर्सुनाय त्यांना 'थोरले'च म्हणत आली होती.

"बस गं खाली," शेजारी बसलेल्या सायरानं तिचा कोट ओढला. ती भूगोल शिकवायची. त्याच घराण्यातली धाकटी सून. "सासूबाई घरात घेणार नाहीत."

"नोंद झाली तर ठराव विभागाकडे परत जातो," अध्यक्षांनी चष्मा काढला. "नाही झाली, म्हणजे मंजूर. चला, चहा निवतोय."

दर सणाला तुर्सुनाय या माणसापुढे वाकत आली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मान तिनं राखायचा आणि त्याचा फायदा यांनी उपटायचा!

"इस्मानकुल देरबिशेविच," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी हरकत आहे."

कुणाच्या तरी हातून चमचा पडला. अध्यक्ष कानांपर्यंत लाल झाले. "तुझ्या सासूला काय सांगू मी आता?"

"सांगा, सुनेनं नाव घेतलं म्हणून. म्हणाल तर त्यांच्यासमोर परत घेईन." ती सचिवाकडे वळली. "लिहिलंत का हो?"

सचिव अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत राहिला. लेखणी काही हलेना.

तेवढ्यात सायरा उठली.

"इस्मानकुल देरबिशेविच," ती म्हणाली, "माझीपण हरकत लिहा."