कोडकौतुक

ताईनं अल्बमची पानं लॅपटॉपवर इतकी देखणी केली होती की धाकटीनं आधी मनापासून दाद दिली. "वा! हे तू केलंस? तू, जिला काकडीसुद्धा सरळ कापता येत नाही?"

"म्हणून तर कापायचं काम तुझ्याकडे दिलंय," ताई म्हणाली आणि आंघोळीला पळाली.

वाटणी अशीच ठरली होती. पडद्यावरचं ताईनं करायचं, कागदावरचं धाकटीनं. ताईचं लग्न ठरत आलं होतं आणि होणाऱ्या भाऊजींच्या आई रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होत्या. त्या लांब राहायच्या. आतापर्यंत सगळी ओळख व्हिडिओ कॉलवरची. कॉल आला की आई धाकटीला हळूच सांगायची, "तू जरा आत बस, अभ्यास कर." आजवर तिचा एवढा अभ्यास परीक्षेतही झाला नव्हता. तर त्या बाईंना भेट म्हणून हातात मावेल असा, घरी बांधलेला छोटा अल्बम द्यायचा होता. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत या घरच्या माणसांचे फोटो.

अडचण आली ती अक्षरांची. ताईनं पानं भिंतीवर लावता येतील एवढी मोठी केली होती. ती तळहाताएवढी केल्यावर फोटोखालच्या ओळी मुंग्यांच्या पायांसारख्या दिसायला लागल्या. नुसती तयार चित्रं छापून भागणार नव्हतं, मूळ फाइल उघडून अक्षरं वाढवावी लागणार होती. मूळ फाइलमध्ये सगळं एकावर एक थरांत असतं. तळाशी फोटो, त्यावर नक्षीची किनार, त्यावर रिबीन, त्यावर फुलं. प्रत्येक थराला नाव आणि नावाशेजारी एक छोटा डोळा. डोळ्यावर क्लिक केलं की तो थर गुल.

ताईची नावं ताईसारखीच सरळसोट. रिबीन. गुलाबी फुलं. तारीख. झाकण.

"झाकण?" धाकटी एकटीच हसली. "बरणीचं की काय!" आणि तिनं डोळ्यावर क्लिक केलं.

पानाच्या कोपऱ्यातलं निळं फुलपाखरू उडालं. त्याच्या खाली ती स्वतः होती. घसरगुंडीवर, बत्तीशी दाखवत.

दुसऱ्या पानावरचं झाकण म्हणजे सूर्यफूल. खाली तीच. तिसऱ्यावर फुगा, खाली तीच. समुद्राच्या फोटोत तर एक शिंपला तिच्या तोंडावर आणि दोन कोपरांवर. त्या थराचं नाव होतं 'झाकण पक्कं'.

धाकटीला कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, हनुवटीवर, दोन्ही कोपरांवर. दोन वर्षं ती शाळेत जाताना तोंडाला मलम थापून जायची. मग यंदा भूगोलाच्या तासाला बाईंनी विचारलं, द्वीपसमूह म्हणजे काय? ही उठली, रुमालानं खसाखसा तोंड पुसलं आणि हनुवटी पुढं काढून म्हणाली, "हे बघा, जिवंत उदाहरण." वर्ग हसून लोळला, बाई गडबडल्या, मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "कोपर म्हणजे खंड!" त्या दिवसापासून मलमाची ट्यूब बाथरूममध्ये वाळत पडली होती आणि धाकटी मात्र जी सुटली होती ती सुटलीच होती. वर्गात हात वर करणारी ती, भांडण सोडवणारी ती, लावणारीही तीच.

आणि घरी? घरी फुलपाखरं!

तिनं आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करायचा तर हात मोकळे लागतात आणि तिला हातांचं काम होतं. एकेक फाइल उघडून तिनं एकेक झाकण काढलं, अक्षरं मोठी केली आणि पानं कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडसर कागदावर छापून आणली. मग जमिनीवर फतकल मारली. स्टीलची पट्टी धरून कडा कापल्या. शाई संपलेल्या पेनानं घडीच्या जागी रेघ दाबली, म्हणजे घडी पडते पण कागद फाटत नाही. पानं एकमेकांना चिकटवून एकच लांबलचक पट्टा केला आणि हातपंख्यासारखा दुमडला. पुठ्ठ्याला जुन्या पडद्याचं कापड चढवलं. ताईनं मुखपृष्ठावर 'आमचं सुखी कुटुंब' लिहायला सांगितलं होतं. धाकटीनं ब्रश शाईत बुडवला, थोडा विचार केला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: कोडकौतुक.

शनिवारी अल्बम ताईच्या हातात पडला. तिनं पहिली घडी उघडली, दुसरी उघडली आणि मटकन पलंगावर बसली.

"हे काय केलंस?"

"झाकणं काढली."

"अगं, आईनं सांगितलं होतं मला."

"आईनं झाक म्हणून सांगितलं असेल. फुलपाखरू तू शोधलंस."

"मला काय मजा येत होती?" ताईचा आवाज फाटला. "पहिलं लहान लावलं होतं, तर तुझं हसू दिसत होतं. मग मोठं केलं. तेव्हा मला... जाऊ दे."

"जाऊ दे नाही. सांग."

"तेव्हा मला वाटलं, मी तुलाच पुसून टाकतेय," ताई म्हणाली. मग डोळे पुसून कात्री उचलली. "कुठली पानं काढता येतील सांग."

"काढ की. मी नसलेलं एकच पान आहे, मुखपृष्ठ. आणि सगळा एकच पट्टा आहे, मधलं पान कापलंस तर अल्बमचे दोन तुकडे होतील. पुन्हा छापायचंय? छाप. काप, दुमड, चिकटव. काकडी समज."

ताईला हसू आलं आणि ते आल्याचा तिला भयंकर राग आला.

रविवारी सकाळी आईनं धाकटीच्या हातात दप्तर दिलं. "मैत्रिणीकडे जा. संध्याकाळी ये."

"नाही जाणार."

"हट्ट करू नकोस गं. घराण्यात आहे म्हणतात लोक आणि उठून जातात. तुझंही सगळं छान होईल, पण आधी तिचं होऊ दे."

"म्हणजे तिचं होईपर्यंत मी नाहीच?"

आईनं कपबश्या पुन्हा पुसायला घेतल्या. बाबा सोफ्याच्या कव्हरच्या सुरकुत्या काढत होते. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला तशी संधी दिली नव्हती. तेवढ्यात बेल वाजली.

भाऊजींच्या आई नीटनेटक्या, कडक इस्त्रीच्या बाई होत्या. आत येताच त्यांची नजर भिंतीवरून, पडद्यांवरून फिरत आली आणि धाकटीच्या हनुवटीवर अडकली. भाऊजी चपला काढण्यात गुंतले. चपला काढायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

"ही धाकटी," बाबा म्हणाले. त्या दिवसाचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"अभ्यास करणारी ना?" बाई म्हणाल्या.

"आज सुट्टी घेतली, काकू," धाकटी म्हणाली आणि आईला काही सुचायच्या आत अल्बम पुढे केला. तिनं ताईकडे पाहिलं. ताई तो मधेच काढून घेऊ शकली असती. ती जागची हलली नाही.

"कोडकौतुक," बाईंनी मोठ्यानं वाचलं. "छान शब्द आहे. हल्ली कोण वापर..." आणि त्या थांबल्या, कारण अल्बमचा पंखा हातातून निसटला होता आणि पट्टा सरसर उलगडत टेबलावरून थेट जमिनीपर्यंत गेला होता. घसरगुंडी, वाढदिवस, समुद्र. सगळीकडे दोघी बहिणी, आणि धाकटी सगळीकडे जशी आहे तशी.

"फोटोत ऊन पडलंय जरा," आई घाईनं म्हणाली.

"ऊन नाही, कोड आहे," धाकटी म्हणाली. "दुसऱ्याला लागत नाही, मला दुखत नाही. पुढचं काय ते मला विचारा, मी इथेच आहे."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो," भाऊजी म्हणाले.

चहा निवत होता. बाई वाकल्या, पट्टा उचलून त्यांनी घडीवर घडी नीट बसवली आणि अल्बम मांडीवर ठेवला. "मी काही जुन्या वळणाची नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्याकडून काही अडणार नाही. फक्त लग्नाच्या फोटोंचं तेवढं बघू. आमचे नातेवाईक बघणार, विचारणार. हल्ली मेकअपमध्ये सगळं बेमालूम झाकलं जातं."

आईचा जीव भांड्यात पडला. "हो हो, अगदी! त्यात काय! करू की."

धाकटीनं तोंड उघडलंच होतं. पण आवाज दुसरीकडून आला.

"नाही," ताई म्हणाली.

आई तिच्याकडे बघतच राहिली. ताईचे कान लालबुंद झाले होते, पण तिनं ते केसांआड लपवले नाहीत. "झाकून बघितलं मी. मला नाही जमत. ती माझ्या शेजारी उभी राहणार, अशीच. नातेवाईक विचारतील तर विचारू देत. आणि हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मी रडून घेईन, पण तिच्यावर पुन्हा काही चिकटवणार नाही."

"ऐकलंस?" बाई मुलाला म्हणाल्या.

"ऐकलं," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ते उठले आणि आईशेजारची जागा सोडून ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "मला चालणार आहे, आई. तू तुझं ठरव."

बाईंनी कपाला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. हो म्हणाल्या नाहीत, उठूनही गेल्या नाहीत.

"आणि काकू," धाकटी म्हणाली, कारण अशा वेळी गप्प बसणं तिला जन्मात जमलं नसतं, "माझा ड्रेस बिनबाह्यांचा असणार आहे. आधीच सांगून ठेवते."