पुलावरचा वजनकाटा

जुन्या पुलावरून चालताना उमामाने दुकानं मोजली. डावीकडे चौदा, उजवीकडे तेरा. त्यांतली सहा बंद. उघड्या एकवीसपैकी नऊ दुकानांवर एकच कागद चिकटवलेला: ‘सौदी कर्मचारी हवा’.

तिच्या अब्बांच्या, जलालच्या, दुकानावर तो कागद नव्हता. तिथे नवाफ नावाचा सौदी तरुण आला होता. नव्या नियमाने गिऱ्हाइकासमोर सौदी माणूसच बसायचा. सोनारांचे वजनकाटे जुळवणं नवाफला जमलं, तर कफील, म्हणजे दुकानाचा सौदी मालक, दुकान चालू ठेवणार होता आणि जलालला मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम देणार होता. नाही जमलं, तर खलास. जलालने परत रत्नागिरीला जायचं. कफील आज दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर बघायला येणार होता.

नवाफने पन्नास ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलं. ५०.०७. पुन्हा जुळवलं. ४९.९४.

“काल याहून वाईट होतं, जलालकाका.”

“अरे, घाई कसली? वरातीला निघालायस?” जलाल अरबीत म्हणाला. मग मुलीकडे वळून मराठीत, “पोर हुशार आहे गो. पण हात थरथरतो.”

“अब्बा, तुम्ही काटा कधी जुळवता?”

“असरहून आल्या आल्या. अठरा वर्षं झाली. नमाज पढून आलं की हात शांत असतो.”

“हे त्याला सांगितलंत?”

“त्यात सांगायचं काय? ते काय काम आहे?”

उमामाने पाण्याचा पेला काट्याशेजारी ठेवला. बाहेरून खजुरांची हातगाडी गेली. पूल हलला, पाण्यावर वलयं उठली. मागोमाग चार बायका गेल्या, पुन्हा वलयं. नवाफने पेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. जलालने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

अजान झाली. पुलावरची शटरं एकामागून एक खाली आली.

“नमाज संपून सलाम फिरवला की लगेच निघायचं,” जलाल नवाफला म्हणाला. “मशिदीच्या दारात गप्पा नाहीत.”

उमामा अर्ध्या शटरमागे थांबली. सगळ्यांत आधी तेच दोघं परतले. मागून कफील, धापा टाकत.

“आग लागली की काय?” त्याने विचारलं.

पूल रिकामा होता. नवाफने काटा जुळवला. जलालने दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते.

कफीलने स्वतःच्या खिशातलं सरकारी शिक्क्याचं पन्नास ग्रॅमचं वजन काढून काट्यावर ठेवलं.

५०.००.