दहातल्या दोघी

निंगव्वाच्या पेल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका गुरम्माने स्वतःच्या हाताने लावला. गुरम्मा घरवाली, म्हणजे या धंद्याच्या घराची मालकीण; घरातल्या साऱ्या बायका तिला अव्वा म्हणत. मंगळवारी न्हाणं झालं की ती एकेकीला मोरीतच उभी करून तपासायची, बाजारात शेळी तपासावी तशी. त्या मंगळवारी निंगव्वाच्या जांघेत पाण्याचे बारीक फोड दिसले. गुरम्मा ओरडली नाही. तिने पेला वेगळा केला, ताट वेगळं केलं आणि निंगव्वाचं अंथरूण खिडकीजवळच्या खाटेवरून काढून मागे मोरीपाशी टाकायला लावलं. खाट धनलक्ष्मीला मिळाली.

फोड सुकले. ठिपका राहिला. खाट नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नसलेली बाई गुरम्माच्या घरात फार दिवस टिकत नाही, हे निंगव्वाला पक्कं ठाऊक होतं. आजवर घराबाहेर काढलेल्यांपैकी दोघींच्या वळकट्या तिनेच जिन्याखाली नेऊन ठेवल्या होत्या.

म्हणून आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेची प्रियंका पाहणीसाठी आली तेव्हा निंगव्वा सगळ्यांच्या पुढे झाली. शहरात धंदा करणाऱ्या किती बायकांना हर्पीसची, म्हणजे याच फोडांच्या रोगाची लागण आहे, ते रक्त तपासून बघायचं होतं.

"फोड न येताबी असतंय व्हय ते?" निंगव्वाने विचारलं.

"बहुतेकींना फोड दिसतच नाहीत, ताई. आपल्याला आहे हे त्यांना कळतही नाही. एकदा अंगात शिरला की राहतो. त्रास झाला तर गोळ्या आहेत. ताटातून, पेल्यातून मात्र तो पसरत नाही."

पेल्याचं निंगव्वाच्या डोक्यात शिरलंच नाही. पहिलं वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं.

तिने घरातल्या बाकीच्या सहाही जणींना रक्त द्यायला लावलं. कुणाला दटावून, कुणाला गोंजारून. धनलक्ष्मी सुईला भ्यायची. तिचं डोकं निंगव्वाने पोटाशी धरलं तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. धनलक्ष्मी चोविशीची, घरातली सर्वांत चालती बाई. अक्कलकोटकडच्या खेड्यातून आली तेव्हा तिला या घराच्या सगळ्या रीती निंगव्वानेच शिकवल्या होत्या. गुरम्मालाही निंगव्वानेच पटवलं. "अव्वा, कोण चांगली हाय, कोण न्हाय, ते तुमालाच कळंल की." गुरम्माने परवानगी दिली. स्वतःचं रक्त मात्र दिलं नाही.

निकालासाठी सगळ्यांना सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये बोलावलं होतं. आधी प्रत्येकीला आतल्या खोलीत नेऊन तिचा निकाल फक्त तिला सांगितला. मग सगळ्यांना एकत्र बसवून शहराचा.

"तपासलेल्या दर दहा बायकांमागे आठजणींना लागण आहे," प्रियंका म्हणाली.

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. निंगव्वाला आनंद झाला. इतका, की समोरच्या बशीतली बिस्किटं तिने पदरात बांधून घेतली.

परतताना रिक्षात धनलक्ष्मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "निंगक्का, मलाबी हाय म्हनल्या मॅडम."

"असू दे की. आठांतली हाईस तू. माझ्यासंगं." निंगव्वा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मनातल्या मनात तिने खाटेवरची चादरही बदलून टाकली होती.

गुरम्मा उंबऱ्याशी पानाला चुना लावत बसली होती. निंगव्वाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "दहात आठ, अव्वा. मी एकली न्हाय. पेल्यावरचा डाग काढा आता."

"आठ?" गुरम्माने पान खाली ठेवलं. "हितल्या कोन कोन?"

"मला न्हाय, अव्वा," अक्कम्मा म्हणाली.

"मलाबी न्हाय."

"मी तर दोघींतली," राजेश्वरी म्हणाली, आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं.

बघता बघता सहाही जणी त्या दोघींत जाऊन बसल्या.

"म्हंजे आठजनी दुसऱ्यांच्या घरातल्या," गुरम्मा म्हणाली. "हितली तू एकली."

निंगव्वाने धनलक्ष्मीकडे पाहिलं. धनलक्ष्मी आपली नखं निरखत होती.

"धनीला हाय," निंगव्वा म्हणाली. "रिक्षात रडली माझ्यापाशी. इचारा तिला."

धनलक्ष्मीने मान वर केली. डोळे कोरडे होते, काजळही नीट केलेलं होतं. "खाट गेली तवापासनं डोस्कं ठिकानावर न्हाय तिचं, अव्वा. माझ्यावर लई दात हाय. मॅडमला फोन लावा की."

फोन निंगव्वानेच लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मॅडम, धनीचं काय आलं ते सांगा अव्वाला."

पलीकडून प्रियंकाचा आवाज आला. "ताई, कुणाचाही निकाल मी दुसऱ्याला सांगत नाही. रक्त घेताना तसा शब्द दिलाय सगळ्यांना. तुम्हालाही दिलाय."

"एवढ्या बारीला सांगा."

"नाही सांगता येणार. हवं तर उद्या येऊन मी अव्वांना पेल्या-ताटांचं समजावते."

गुरम्माने फोन तिच्या हातातून घेऊन बंद केला. "माझी भांडी मला शिकवनार ती."

मग तिने धनलक्ष्मीला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं. सावकाश. पान उचलून तोंडात टाकलं.

"धनीला असंल," ती निंगव्वाला म्हणाली. "मलाबी असंल. आमचं कुटं दिसतंय? तुझं दिसलं. उद्या जागा बघ."

बायका आपापल्या खोल्यांकडे पांगल्या. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची वेळ होत आली होती.

धनलक्ष्मी तेवढी मागे राहिली. कुणी न सांगता ती मोरीपाशी गेली, निंगव्वाचं अंथरूण गुंडाळलं, दोरीने आवळलं आणि जिन्याखाली नेऊन ठेवलं. पेला राहिला म्हणून परत गेली. तो तिने पदराच्या टोकात धरून आणला आणि वळकटीवर ठेवला, ठिपका निंगव्वाच्या बाजूला येईल असा.